सात दिवसांत काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथ: आई-बाबांना कसं न्यावं?

पत्र: "दिवाळीच्या सुट्टीत आई (वय ६३), बाबा (७१) आणि माझा १३ वर्षांचा मुलगा यांना घेऊन नेपाळला जायचं ठरतंय. मुक्तिनाथाचं दर्शन व्हावं ही बाबांची कित्येक वर्षांची इच्छा. एजंटने सात दिवसांचा कार्यक्रम दिलाय. पहिल्या दिवशी मुंबईहून विमानाने काठमांडू. दुसऱ्या दिवशी सकाळी पशुपतिनाथ, दुपारी गाडीने पोखरा. तिसऱ्या दिवशी पोखऱ्याहून थेट मुक्तिनाथ, चौथ्या दिवशी दर्शन करून पोखऱ्याला परत. पाचवा दिवस पोखरा बघायला. सहाव्या दिवशी रात्रीच्या बसने काठमांडू आणि सातव्या दिवशी दुपारचं मुंबईचं विमान. तो म्हणतो, काठमांडू–पोखरा म्हणजे नाशिक–पुण्याएवढंच अंतर. आईचे गुडघे दुखतात आणि तिला लहान विमानाची भीती वाटते. भाऊ म्हणतो, आपलीच गाडी घेऊन जा. मुलाला घाटात गाडी लागते. आधार कार्ड चालतं का, पैसे कसे न्यायचे, हेही सांगा. माझं डोकं चालेनासं झालंय." – एक वाचक, नाशिक

ताई,

तुमच्या एजंटने अंतर बरोबर सांगितलं. काठमांडू ते पोखरा साधारण २०० किलोमीटर आहे आणि नाशिक–पुणेही जवळपास तेवढंच. पण नेपाळच्या डोंगरात किलोमीटरवरून वेळेचा अंदाज बांधला की सगळा कार्यक्रम कोलमडतो. काठमांडूच्या खोऱ्यातून बाहेर पडताना नागढुंग्याला ट्रकांची रांग लागते. पुढे रस्ता त्रिशूली नदीच्या काठाने मुग्लिंगपर्यंत वळणं घेत जातो. गेली काही वर्षं या पृथ्वी राजमार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू आहे, त्यामुळे कुठे धूळ, कुठे एकेरी वाहतूक. सात तास लागले तर चांगला दिवस म्हणायचा, नऊही लागू शकतात. दुपारी पशुपतिनाथाहून निघालात तर शेवटचे तीन-चार तास अंधारात जातील. दमलेला चालक आणि दमलेले आई-बाबा यांना घेऊन मला ते नको वाटतं.

म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगते. हा कार्यक्रम सात दिवसांत बसत नाही. तो नऊ दिवसांचा करा, नाहीतर या खेपेला मुक्तिनाथ सोडून काठमांडू, पोखरा आणि वाटेवरचं मनकामना देवीचं मंदिर एवढंच निवांत करा. बाबांची इच्छा मुक्तिनाथाची आहे, तेव्हा सुट्टीचे दोन दिवस वाढवून मिळतात का, ते आधी बघा. तिकिटं त्यानंतर काढा.

रात्रीची बस मात्र कार्यक्रम कितीही दिवसांचा असला तरी काढून टाका. यावर तडजोड करू नका. १२ जुलै २०२४ च्या पहाटे, अंधारातच, चितवन जिल्ह्यात सिमलतालजवळ नारायणगड–मुग्लिंग रस्त्यावर दरड कोसळली आणि दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या. त्यांत साठाहून अधिक प्रवासी होते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी अतिवृष्टीने काठमांडूकडे येणारे रस्ते तुटले आणि धादिंगमध्ये दरडीखाली गाड्या गाडल्या गेल्या. दिवाळीपर्यंत पाऊस सहसा ओसरलेला असतो, पण पावसाने सैल झालेला डोंगर लगेच घट्ट होत नाही. दिवसा चालकाला वरून येणारे दगड दिसतात, समोरचा ट्रक दिसतो, रस्ता बंद पडला तर आजूबाजूला चहाचं दुकान असतं, माणसं असतात. रात्री यातलं काहीच नसतं.

दिवसा सगळं सुरक्षित असतं असंही मी म्हणणार नाही. २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली, तीही दिवसाच. त्या बसमध्ये भुसावळ-वरणगावकडचे आपले लोक होते. पंचवीसहून अधिक जण गेले. ती उत्तर प्रदेशात नोंदलेली बस होती. अपघाताची कारणं इथे बसून ठरवणं योग्य नाही, पण मी वाचकांना नेहमी एक आग्रह करते आणि तुम्हालाही करते: नेपाळच्या डोंगरात गाडी नेपाळची घ्या आणि चालक त्याच रस्त्यावर रोज जाणारा घ्या. तुमच्या भावाच्या सूचनेचं उत्तरही यातच आलं. भारतीय गाडी नेता येते. सुनौली किंवा रक्सौलच्या नाक्यावर भन्सार, म्हणजे जकात, दिवसाच्या हिशेबाने भरली की परवाना मिळतो. पण नाशिकहून सुनौलीच दीड हजार किलोमीटरच्या आसपास. तिथपर्यंत गाडी चालवून थकलेला माणूस पुढे हिमालयात चालवणार, हे मला पटत नाही. भावाला यायचंच असेल तर कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर गाठू दे. तिथून सुनौली साधारण शंभर किलोमीटर, आणि पलीकडे भैरहवाहून नेपाळी गाडी. लुंबिनीही तिथून जवळच आहे.

काठमांडू–पोखऱ्यासाठी तुमच्यापुढे दोन चांगले पर्याय आहेत. एक म्हणजे सकाळी सातच्या सुमारास सुटणारी पर्यटक बस. ती साध्या बसपेक्षा बरी असते, वाटेत नाश्त्याला आणि जेवणाला थांबते. 'हायस' किंवा 'मायक्रो' म्हणतात त्या लहान व्हॅन यापेक्षा लवकर पोहोचवतात, आणि नेमक्या म्हणूनच त्या मला नको वाटतात. ओव्हरटेक करत जातात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय हलवायलाही जागा नसते. दुसरा पर्याय विमान, अर्ध्या तासाच्या आत. या मार्गावर बहुतेक वेळा सत्तर आसनांच्या आसपासची एटीआर विमानं असतात, आईंना वाटतं तेवढी लहान नाहीत. जाताना उजवीकडची खिडकी मागा, हिमशिखरं त्या बाजूला दिसतात. तिकीट काढताना भारतीय प्रवाशांचं भाडं वेगळं आहे का, हे विचारा. अनेकदा असतं, आणि ते इतर परदेशी पाहुण्यांच्या डॉलरमधल्या भाड्यापेक्षा कमी असतं.

विमानाच्या भीतीबद्दल आईंना "काही होत नाही" असं सांगून गप्प करू नका. त्यांच्या भीतीला आधार आहे. १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात उतरताना विमान कोसळून ७२ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी २९ मे २०२२ ला पोखऱ्याहून जोमसोमला, म्हणजे मुक्तिनाथाच्या वाटेवरच्या विमानतळाच्या गावाला, निघालेलं छोटं विमान डोंगरावर आदळलं. त्यातले २२ ही जण गेले आणि त्यांत ठाण्याचं एक कुटुंब होतं. नेपाळच्या विमान कंपन्यांना युरोपीय संघाने २०१३ मध्ये आपल्या हद्दीत बंदी घातली, तीही सुरक्षेच्याच कारणावरून. पण रस्त्याचा धोका यापेक्षा कमी आहे असं वर लिहिलेलं वाचून तुम्हालाही वाटणार नाही. म्हणून विमान की रस्ता, हे मी टप्प्याटप्प्याने ठरवते. काठमांडू–पोखरा मी विमानाने करेन, कारण त्या टप्प्यावर आई-बाबांचा एक अख्खा दमवणारा दिवस वाचतो. आई अगदीच तयार नसतील तर सकाळची पर्यटक बस. ती घेतलीत तर वाटेत कुरिनटारला मनकामनेचा रोपवे दिसेल. त्यासाठी थांबायचं असेल तर बस नको, आपली भाड्याची गाडी हवी आणि पहाटे निघायला हवं.

जोमसोमची गोष्ट वेगळी. पोखरा ते जोमसोम विमानाने वीसेक मिनिटं लागतात आणि वाट अन्नपूर्णा आणि धौलागिरी यांच्या मधल्या काली गंडकीच्या दरीतून जाते. एका बाजूला ८,०९१ मीटर, दुसऱ्या बाजूला ८,१६७ मीटर. सकाळी उन्हाने वरचं पठार तापू लागलं की खालची हवा या दरीतून वर ओढली जाते आणि दहा-अकराच्या पुढे जोमसोमला इतका वारा सुटतो की विमान उतरवणं शक्य नसतं. त्यामुळे तिथली उड्डाणं फक्त सकाळची. त्या दोन-चार तासांत पोखऱ्यावर धुकं किंवा दरीत ढग असले की उड्डाण रद्द आणि उद्याची वाट बघा. उद्याच्या विमानाला उद्याचे प्रवासी असतातच, त्यामुळे तुम्हाला लगेच जागा मिळेल असंही नाही. या विमानाच्या भरवशावर पुढचं एकही आरक्षण करू नका.

माझं मत असं की मुक्तिनाथ रस्त्याने करायचं असंच धरून आखणी करा, जाताना आणि येतानाही. जोमसोमला असताना एखाद्या सकाळी आकाश निरभ्र असलं, तिकीट मिळालं आणि आई स्वतःहून हो म्हणाल्या, तर उतरताना विमान घ्या. विमान कंपनी "आज नाही" म्हणाली तर तिथे वाद घालणाऱ्यांच्या गर्दीत तुम्ही उभ्या राहू नका. हेलिकॉप्टरवाले "आम्ही काढतो वाट" म्हणत येतील. ज्या हवेत विमान उडत नाही त्या हवेत हेलिकॉप्टरच्या भानगडीत पडू नये.

रस्त्याने पोखरा ते मुक्तिनाथ पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. बेनीपर्यंत रस्ता बरा आहे. बेनीनंतर तातोपानी, घासा असं करत काली गंडकीच्या कडेकडेने वर जावं लागतं. काही ठिकाणी डांबर, काही ठिकाणी निव्वळ दगड-माती. जोमसोमला पोहोचायला आठ ते दहा तास धरा. काठमांडूहून आलेली शहरातली मोटार या रस्त्याच्या कामाची नाही. इथे उंच चाकांची जीप लागते, स्कॉर्पिओ किंवा बोलेरो, आणि ती पोखऱ्याहूनच घ्यावी, मुस्तांगच्या, म्हणजे जोमसोम-मुक्तिनाथाच्या जिल्ह्याच्या, फेऱ्या करणाऱ्या चालकासकट. आरक्षण करताना एजंटकडून तीन गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर चालेल: गाडीचा प्रकार, सूर्यास्तानंतर गाडी चालणार नाही ही अट, आणि चालकाच्या राहण्या-जेवण्याचा खर्च कोणाचा. चालकाच्या झोपेची सोय नीट झाली आहे का, हे मी नेहमी स्वतः विचारते. दिवसभर ती वळणं घ्यायची तर रात्री त्याला धड अंथरूण हवं. गाडीच्या नंबरपाटीकडेही लक्ष द्या. नेपाळमध्ये खाजगी गाडीची पाटी लाल, भाड्याच्या गाडीची काळी आणि पर्यटक वाहनाची हिरवी, अशी रीत चालत आली आहे. नव्या पद्धतीच्या पाट्याही आता दिसतात. भाड्याने म्हणून लाल पाटीची गाडी पुढे आली तर बसू नका. प्रवासी नेण्याचा परवाना आणि विमा दोन्हींचा घोळ असतो.

एजंटच्या तिसऱ्या दिवसाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. पोखरा सुमारे ८२० मीटरवर आहे आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. एका दिवसात एवढं चढून तिथेच मुक्काम करायचा, हे ७१ वर्षांच्या माणसाच्या शरीराला झेपेलच असं नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, धाप लागणं ही विरळ हवेची लक्षणं असतात आणि ती बऱ्याचदा रात्री वाढतात, जेव्हा खाली उतरायला वाहन नसतं. म्हणून मुक्काम मार्फा किंवा जोमसोमला करा, दोन्ही २,७०० मीटरच्या आसपास आहेत. मार्फा मला जास्त आवडतं. पांढरी घरं, फरसबंद गल्ली, सफरचंदाच्या बागा, आणि वारा जोमसोमपेक्षा कमी लागतो. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून मुक्तिनाथाचं दर्शन घ्या आणि दुपारपर्यंत पुन्हा मार्फ्याला उतरा. मुक्तिनाथाला रात्र काढू नका. उंचीवरच्या गोळ्या घ्याव्यात का, हे तुमच्या डॉक्टरांना नाशिकमध्येच विचारा. बाबांना रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर हा प्रश्न विचारल्याशिवाय निघूच नका.

जीप राणीपौवा गावापर्यंत जाते. तिथून मंदिर अर्ध्या तासाच्या चढावर, शेवटी पायऱ्या. घोडे मिळतात, मोटारसायकलीही मिळतात. आईंना त्यांचे गुडघे सांगतील ते वाहन घेऊ द्या, यात देवाचा काही अपमान होत नाही. मंदिरामागच्या १०८ धारांचं पाणी बर्फासारखं गार असतं. बाबांनी त्याखालून धावत जाण्यापेक्षा हाताने पाणी मस्तकाला लावावं, एवढं त्यांना माझ्या वतीने सांगा. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं प्रवेशपत्र लागतं, ते पोखऱ्यातच काढून घ्या. फोटो आणि ओळखपत्र जवळ ठेवा. सार्क देशांच्या नागरिकांना शुल्क कमी आहे.

तर नऊ दिवस असे लावा. पहिल्या दिवशी काठमांडू आणि विश्रांती. दुसऱ्या दिवशी पशुपतिनाथ, बौद्धनाथ. तिसऱ्या दिवशी सकाळी पोखरा, दुपारी प्रवेशपत्राचं काम. चौथ्या दिवशी पहाटे निघून मार्फा, जेवण तातोपानीला. पाचव्या दिवशी दर्शन आणि मार्फ्याला परत. सहाव्या दिवशी पोखरा. सातवा दिवस मोकळा. दरड पडली, गाडी बिघडली, बाबांना बरं वाटेना, तर तो दिवस तिथे खर्च होईल. काहीच झालं नाही तर फेवा तलावात नाव आणि मुलाला सारंगकोटची टेकडी. आठव्या दिवशी काठमांडूला या आणि रात्र तिथेच काढा. त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी आहे आणि विमानं वर घिरट्या घालत ताटकळणं नेहमीचं. पोखऱ्याहून सकाळी येऊन त्याच दुपारी मुंबईचं विमान पकडण्याची जोखीम घेऊ नका. आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, तिकिटावरची वेळ तिथलीच असते.

दिवाळीबद्दल एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. नेपाळमध्ये त्याच दिवसांत तिहार असतो. आपल्या भाऊबीजेलाच त्यांचा भाई टीका, आणि त्या दिवशी चालकही कुणाचा तरी भाऊ असतो. त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नका, गाड्या कमी असतात. दसऱ्याच्या सुमारास दसैं असतो, तेव्हा सगळं काठमांडू गावी निघतं आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हवामानाचंही बघा. आकाश बहुतेक स्वच्छ असतं, पण बंगालच्या उपसागरात वादळ उठलं तर त्याचा फटका इथे वर बसतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळाने मुक्तिनाथाच्या वरच्या थोरांग खिंडीत अचानक प्रचंड बर्फ पडला आणि अन्नपूर्णा परिसरात चाळीसहून अधिक माणसं दगावली. निघण्याआधी आठवडाभर आपल्याकडच्या बातम्यांत उपसागराकडे लक्ष ठेवा. बाकी रोजच्या रोज हॉटेलवाल्याला "बाटो खुला छ?" एवढं विचारलं की पुढचा रस्ता चालू आहे का, ते कळतं.

कागदपत्रांचं सोपं आहे. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट असेल तर तोच न्या. नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, मूळ कार्ड. आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या व्यक्तींना चालतं. म्हणजे बाबांचं आणि मुलाचं भागेल, तुमचं आणि आईंचं भागणार नाही. विमानतळावरून आईंना एकट्या परत पाठवायची वेळ येऊ नये, म्हणून त्यांचं मतदार कार्ड आजच शोधून ठेवा.

पैशांसाठी भारतीय शंभरच्या नोटा न्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत आणि गावातला दुकानदार त्या घेईलच असं नाही. शंभर भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. भाव विचारताना "आयसी की एनसी?" असं विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी ते स्पष्ट होतं. काठमांडू-पोखऱ्यात भारतीय यूपीआयने क्यूआर कोडवर पैसे देता येतात, २०२४ पासून ती सोय आहे, पण बेनीच्या पुढे रोख नेपाळी पैसेच खिशात हवेत. काठमांडूत टॅक्सीवाले मीटर टाकायला सहसा तयार नसतात. पठाओ किंवा इनड्राइव्ह ही अॅप फोनवर घ्या, भाडं आधीच कळतं. त्यासाठी विमानतळावरच नेपाळ टेलिकॉमचं सिमकार्ड घ्या, डोंगरात त्याची रेंज बरी मिळते.

मुलाला जीपमध्ये मधल्या ओळीत, पुढचा रस्ता दिसेल असं बसवा. मागच्या आडव्या बाकावर तो नक्की आजारी पडेल. निघण्याआधी अर्धा तास डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, नाश्ता हलका, फोन हातात नको, खिशात आवळासुपारी आणि कागदी पिशव्या. मागच्या आसनालाही पट्टा आहे का, ते जीप ठरवतानाच बघून घ्या. नसेल तर दुसरी जीप मागा. पोलिसांचा नंबर १००, रुग्णवाहिकेचा १०२ आणि पर्यटक पोलिसांचा ११४४. हे तिन्ही नंबर चौघांच्याही फोनमध्ये घाला आणि बाबांच्या खिशात कागदावर लिहून ठेवा.